लघवीच्या पिशवीच्या कॅन्सरची इम्युनोथेरपी: क्वचित होणारे ऑटोइम्यून त्रास वेळेत कसे पकडायचे

मी कॅन्सरच्या डे केअरमध्ये नर्स आहे. लघवीच्या पिशवीच्या कॅन्सरवर इम्युनोथेरपी सुरू होते तेव्हा घरचे लोक विचारतात, केस जातील का, उलट्या होतील का, काय खायला द्यायचं. उत्तरं देईपर्यंत पुढच्या पेशंटची वेळ होते आणि सगळ्यात महत्त्वाचं बोलणं घाईत उरकावं लागतं. तेच इथे सविस्तर लिहिते आहे.

या उपचाराचे धोक्याचे त्रास ऑटोइम्यून असतात, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या अवयवांवर उलटते. ते दिसायला कॅन्सरचे वाटतच नाहीत. गुडघा सुजतो, पापणी खाली येते, कधी डायबेटिस नसलेल्या माणसाची शुगर चारशेवर जाते. मग माणूस हाडांच्या, नाहीतर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जातो. तिथे इम्युनोथेरपीचा विषयच निघत नाही आणि आठवडा वाया जातो. असे त्रास फार थोड्यांना होतात आणि लवकर कळले तर बहुतेक वेळा आटोक्यात येतात. हे लवकर कळणं मोठ्या प्रमाणात घरच्यांवर अवलंबून असतं, कारण दोन डोसच्या मधले दिवस पेशंट तुमच्या डोळ्यांसमोर असतो, आमच्या नव्हे.

पहिली पायरी: औषधाचं नाव पक्कं माहीत करून घ्या

‘इम्युनोथेरपी’ या एका नावाखाली दोन अगदी वेगळे उपचार येतात आणि त्यांचे त्रासही वेगळे असतात.

पहिला बीसीजी. गाठ पिशवीच्या आतल्या थरांपुरती असेल तर ती दुर्बिणीतून काढतात आणि पुन्हा होऊ नये म्हणून बीसीजी नळीने थेट पिशवीत सोडतात. दर आठवड्याला एक असे सहा डोस, मग एक ते तीन वर्षं अधूनमधून तीन-तीन डोस. बाळाच्या दंडावर टोचतात ती टीबीची लस आणि हे औषध मुळात एकच: दुबळे केलेले, पण जिवंत जंतू. कॅनडात अल्वारो मोरालेस यांनी १९७६ मध्ये हा उपचार पहिल्यांदा मांडला. आपल्याकडे पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट ‘ऑन्को-बीसीजी’ बनवते.

दुसरा प्रकार शिरेतून द्यायच्या औषधांचा. यांना चेकपॉइंट इन्हिबिटर म्हणतात: पेम्ब्रोलिझुमॅब, निवोलुमॅब, अ‍ॅव्हेलुमॅब, ड्युर्व्हालुमॅब. बीसीजीचा उपयोग झाला नाही, गाठ स्नायूत शिरली किंवा आजार पसरला, तर यांचा विचार होतो. आपल्या टी पेशींनी (प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशी) स्वतःच्याच शरीरावर हल्ला करू नये म्हणून निसर्गाने त्यांना ब्रेक दिलेले आहेत. पीडी-१ हा त्यातला एक, १९९२ मध्ये क्योटोत तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेत सापडलेला. (होंजो आणि जेम्स अ‍ॅलिसन यांना २०१८ चं नोबेल मिळालं.) ही औषधं तो ब्रेक सोडवतात. टी पेशी कॅन्सरवर तुटून पडतात, आणि क्वचित त्याच भरात थायरॉइड, फुप्फुस, आतडं, हृदय यांच्यावरही. ऑटोइम्यून त्रास होतो तो असा.

औषधाचं नाव, पहिल्या आणि शेवटच्या डोसची तारीख, डे केअरचा चोवीस तास चालणारा नंबर, हे तीन तपशील कागदावर लिहून पेशंटच्या पाकिटात ठेवा आणि त्या कागदाचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असू द्या. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत ‘कॅन्सरचं सलाईन चालू आहे’ एवढंच सांगितलं तर तिथला डॉक्टर केमो समजतो आणि तपास भलत्याच दिशेने जातो.

दुसरी पायरी: सुरुवातीचे रिपोर्ट जपून ठेवा

पहिल्या डोसच्या आधी सीबीसी, लिव्हर, क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, शुगर, एचबीए१सी, थायरॉइड आणि ईसीजी करून घेतात. अनेक ठिकाणी सकाळी आठचं कॉर्टिसोल (शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड हार्मोन), सीपीके (स्नायूंना इजा झाली का ते दाखवतं) आणि ट्रोपोनिनही (हृदयाला इजा झाली का ते दाखवतं) करतात. होत नसेल तर विचारा. हिपॅटायटिस बी आणि छातीचा एक्स-रेसुद्धा आधी झालेला बरा, कारण पुढे स्टेरॉइड लागले तर दबून राहिलेला टीबी किंवा कावीळ डोकं वर काढू शकते.

हे रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून फाईलच्या तळाशी टाकू नका. सहा महिन्यांनी क्रिएटिनिन १.६ आलं तर ते आधीपासून तसंच होतं की दुप्पट झालंय, हे फक्त जुना कागद सांगतो. ऑक्सिमीटरवरचा रोजचा आकडा, वजन, दिवसातून किती वेळा शौचाला होतं, हेही पहिल्या दिवशीच वहीत लिहा.

डॉक्टरांना सगळं सांगा: सोरायसिस, संधिवात, आतड्याला सूज येण्याचे आजार, आधीची थायरॉइडची गोळी, अवयव रोपण. यातलं काही असलं म्हणून इम्युनोथेरपी मिळणारच नाही असं नाही, पण बेत बदलतो. काढे आणि चूर्णंही सांगा. प्रतिकारशक्ती वाढवायची म्हणून बऱ्याच घरांत गुळवेलीचा काढा सुरू असतो. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या ६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली आणि त्यातल्या काहींमध्ये इजेचं स्वरूप ऑटोइम्यून होतं. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला होता. तो वाद बाजूला ठेवला तरी, आधीच ब्रेक सुटलेल्या शरीरात असा काढा घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. लिव्हर बिघडलं तर दोष कशाचा हेही मग कळत नाही.

तिसरी पायरी: बीसीजी चालू असेल तर

डोसनंतर एक-दोन दिवस लघवीला जळजळ, वारंवार जावं लागणं, थोडं लालसर पाणी, अंगात कणकण हे नेहमीचं आहे. त्याने घाबरू नका.

दुर्मिळ त्रासांत पहिला येतो सांध्यांचा. शंभरात एखाद्याला, किंवा त्याहूनही कमी लोकांना, पहिल्या सहा डोसच्या कोर्समध्ये, बहुतेक वेळा चौथ्या-पाचव्या डोसच्या पुढे, गुडघे किंवा घोटे सुजतात. सांधा गरम लागतो, सकाळी उठल्यावर तासभर हलत नाही. बऱ्याचदा डोळेही लाल होतात. सांध्यातलं पाणी काढून तपासलं तर जंतू सापडत नाहीत. बीसीजीने जागी केलेली प्रतिकारशक्ती सांध्याच्या अस्तरावर उलटलेली असते. एचएलए-बी२७ हे जनुक असलेल्यांना हा धोका जास्त. वयाच्या पासष्टीत गुडघा सुजला की ‘झीज झाली असेल’ म्हणून बाम चोळणं हेच घरोघरी होतं. पण झिजेने दोन्ही घोटे चार दिवसांत सुजत नाहीत. पुढचा डोस घेण्याआधी युरोसर्जनना सांगा. डोस थांबवतात, सुजेच्या गोळ्या देतात, न भागल्यास थोडे दिवस स्टेरॉइड, आणि बहुतेक जण काही आठवड्यांत बरे होतात.

डोळा लाल होऊन दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, धूसर दिसत असेल तर तो साधा डोळे येण्याचा प्रकार नसू शकतो. बुबुळाभोवतालच्या पडद्याला सूज आलेली असू शकते. मेडिकलमधून ड्रॉप आणून दिवस काढू नका.

याच जागी एक मोठी गल्लत होते, म्हणून थोडं थांबते. बीसीजीचे त्रास दोन तऱ्हांचे असतात. सांध्यांचा त्रास हा प्रतिकारशक्तीचा. दुसरा प्रकार म्हणजे ते जिवंत जंतू रक्तात उतरून खरोखर पसरणं. मग १०१ च्या वरचा ताप दोन दिवस हटत नाही, किंवा एकदम १०३ होऊन हुडहुडी भरते, रात्री घाम फुटतो, दम लागतो, डोळे पिवळे होतात, अंडकोष सुजतो. हे डोसनंतर लगेच होतं तसंच कधी महिन्यांनीही होतं. दोन्हींचा उपचार वेगळा आहे, म्हणून ताप आणि सांधेदुखी एकत्र आली तर घरी काहीच ठरवू नका.

जंतू पसरलेले असतील तर टीबीची औषधं लागतात. तेव्हा बाहेरच्या डॉक्टरांना ‘पिशवीत बीसीजी घेतलं होतं’ हे सांगायलाच हवं. जीन एक्स्पर्ट या टीबीच्या तपासणीत बीसीजीचा जंतू आणि नेहमीचा टीबी वेगळे दिसत नाहीत, रिपोर्ट फक्त टीबी सापडला एवढंच म्हणतो. मग नेहमीची चार औषधांची गोळी सुरू होते. तिच्यातल्या पायराझिनामाइडला बीसीजीचा जंतू जुमानत नाही, आणि लिव्हरवर मात्र त्या औषधाचा भार पडतो.

चौथी पायरी: शिरेतली इम्युनोथेरपी चालू असेल तर

अंगावर पुरळ, खाज, थायरॉइड कमी होणं हे त्यातल्या त्यात नेहमीचे त्रास. थायरॉइडची गोळी सुरू होते आणि उपचार पुढे चालतो.

माझा जीव खालच्या चार गोष्टींपाशी अडकतो.

*हृदय, स्नायू आणि पापणी.* हे तीन त्रास पुष्कळदा जोडीने येतात. बहुतेक वेळा पहिल्या तीन महिन्यांत, अनेकदा पहिल्या-दुसऱ्या डोसनंतरच. हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास किंवा कमी, पण ज्यांना ती येते त्यांच्यातले चौथाई ते निम्मे दगावल्याच्या नोंदी आहेत. सुरुवात मात्र साधी असते. मांड्या जड होतात, जिना चढवत नाही, केस विंचरताना हात खाली येतो, मान धरवत नाही. एका काकूंनी मला सहज सांगितलं होतं, ‘हे हल्ली एक डोळा हाताने झाकून पेपर वाचतात, आणि संध्याकाळ झाली की झोपाळल्यासारखे दिसतात.’ एकाची दोन अक्षरं दिसत होती, म्हणून डोळा झाकणं. आणि झोपाळलेपण म्हणजे खाली आलेल्या पापण्या. हे मायस्थेनिया, म्हणजे स्नायू लवकर थकून कमजोर होण्याचा आजार. यात पुढे घास गिळताना ठसका लागतो, आवाज नाकातून येतो आणि श्वासाचे स्नायू थकतात. तसं दिसलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.

तिथे ट्रोपोनिन, सीपीके आणि ईसीजी मागून घ्या. नुसता इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल आला म्हणून हृदय ठीक आहे असं या आजारात म्हणता येत नाही. आणखी एक खूण: स्नायूंना सूज आली की एसजीओटी-एसजीपीटी हे लिव्हरच्या रिपोर्टमधले आकडे वाढतात आणि लिव्हर बिघडलं असा समज होतो. सीपीके केलं की खरं काय ते कळतं. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर अंगदुखीचा दोष तिच्यावर जातो. तसं असेलही, पण इम्युनोथेरपी चालू असताना ते गृहीत धरू नये.

*एकाएकी आलेला डायबेटिस.* हा शंभरात एखाद्याला किंवा त्याहून कमी लोकांना होतो. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच नष्ट होतात. चार-आठ दिवसांत प्रचंड तहान, वारंवार लघवी, वजन उतरणं, मग उलट्या, पोटदुखी, धाप. लघवीच्या पिशवीच्या पेशंटला वारंवार लघवी होणं घरच्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं, म्हणून इथे चुकामूक होते. घरात ग्लुकोमीटर ठेवा. शुगर २५० च्या वर आणि उलट्या असं दिसलं तर कीटोन (इन्सुलिन संपल्यावर रक्तात साचणारं आम्ल) तपासायला कॅज्युअल्टीत जा. एचबीए१सी फारसं वाढलेलं नसलं तरी फसू नका, ते तीन महिन्यांची सरासरी दाखवतं आणि हा आजार आठवड्याचा असतो. इथे शुगरच्या गोळ्या पुरत नाहीत, इन्सुलिनच लागतं आणि ते कायमचं असतं. आधीपासून डॅपाग्लिफ्लोझिनसारखी शुगरची गोळी चालू असेल तर ते आवर्जून सांगा, तिने कीटोनचा धोका वाढतो.

*पिट्युटरी आणि अ‍ॅड्रिनल.* मेंदूखालची आणि किडनीवरची, अशा या हार्मोन बनवणाऱ्या ग्रंथी. हा त्रास सावकाश येतो, कधी उपचार सुरू होऊन सहा महिने उलटल्यावर. माणूस गळून जातो, अन्नावरची वासना जाते, मळमळतं, उभं राहिल्यावर चक्कर येते, बीपी खालचं येतं, सोडियम कमी दिसतं. नातेवाईक म्हणतात आजार वाढला, शेजारी म्हणतात आता थोडेच दिवस. आणि खरं कारण असतं शरीरातलं कॉर्टिसोल संपणं. सकाळी आठच्या रक्तात ते कळतं. हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या सुरू झाल्या की खाटेला लागलेला माणूस दोन-तीन दिवसांत उठून चालायला लागतो. सोडियम कमी आलं म्हणून नुसतं मीठ वाढवून घरी पाठवलं तर ‘कॉर्टिसोल बघायचं का?’ असं विचाराच. थायरॉइड आणि कॉर्टिसोल दोन्ही कमी असतील तर आधी हायड्रोकॉर्टिसोन, मग थायरॉइडची गोळी. उलट क्रमाने दिलं तर माणूस एकदम ढासळू शकतो.

*फुप्फुस आणि आतडं.* कोरडा खोकला आणि चालताना लागणारा दम, यावर खोकल्याची बाटली आणू नका. ऑक्सिजन नेहमीपेक्षा ३-४ ने उतरला तर फोन करा, एचआरसीटी (छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन) लागेल. जुलाब झाले तर नेहमीपेक्षा किती वेळा जास्त, हे मोजा. चार ते सहा वेळा जास्त असेल तर त्याच दिवशी कळवा. सात किंवा अधिक वेळा, किंवा रक्त पडत असेल तर दाखल व्हावं लागेल. विचारल्याशिवाय जुलाब थांबवायची गोळी घेऊ नका, तिने मोजमाप लपतं. पिशवी काढून पोटावर लघवीची थैली लावलेली असेल तर शरीरातलं पाणी फार लवकर कमी होतं, त्यामुळे अशा पेशंटसाठी मी एवढंही थांबत नाही.

किडनीबद्दल थोडक्यात: क्रिएटिनिन वाढलं की लघवीची वाट अडली का हे सोनोग्राफीत बघतात, ते बरोबरच. वाट मोकळी असेल तर औषधाने किडनीला सूज आली का हा पुढचा प्रश्न. त्यात अ‍ॅसिडिटीसाठी वर्षानुवर्षं चालू असलेल्या पॅन्टोप्राझोलचाही हात असू शकतो. आणि लघवीला जळजळ आहे पण कल्चरमध्ये काही उगवत नाही, असं पुन्हा पुन्हा झालं तर तिसरं अँटिबायोटिक घेण्याऐवजी कॅन्सरच्या डॉक्टरांना भेटा. पिशवीलाही ऑटोइम्यून सूज येते, क्वचित का होईना.

शेवटचा डोस झाला म्हणजे धोका टळला असं नाही. पेम्ब्रोलिझुमॅबचा अंश निम्मा व्हायला सुमारे २२ दिवस लागतात आणि टी पेशींवरचा परिणाम त्याहून बराच टिकतो. पाकिटातला कागद शेवटच्या डोसनंतर निदान वर्षभर तरी काढू नका.

पाचवी पायरी: सोबत एन्फोर्टुमॅब वेडोटिन असेल तर

आजार पसरलेला असेल तर आता पेम्ब्रोलिझुमॅबसोबत एन्फोर्टुमॅब वेडोटिन (कॅन्सरच्या पेशीला चिकटून तिच्यात केमोसारखं औषध सोडणारं इंजेक्शन) देण्याकडे कल आहे. अमेरिकेत या जोडीला डिसेंबर २०२३ मध्ये सरसकट मान्यता मिळाली. अडचण अशी की दुसऱ्या औषधानेही शुगर वाढते, हातपाय बधिर होतात, अंगावर पुरळ उठतो. शुगर वाढली ती वेडोटिनमुळे की स्वादुपिंड बंद पडल्यामुळे, हे सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतंय याची तपासणी) आणि कीटोन बघून ठरवतात. तळपायाला हळूहळू मुंग्या येणं बहुधा वेडोटिनचं, पण दोन-चार दिवसांत पायातली ताकद जाऊन ती कमजोरी वर चढत असेल तर ती गुलियन-बारेची (प्रतिकारशक्ती नसांवर उलटण्याच्या आजाराची) शंका, आणि ते तातडीचं. पुरळाला फोड आले, कातडी सोलवटली, तोंड किंवा गुप्तांगाच्या जागी जखमा झाल्या तर कुठल्या औषधाने हा विचार करत न बसता निघा. दोन्ही औषधं तिथेच थांबतात.

सहावी पायरी: फोनवर काय बोलायचं

‘बाबांना बरं वाटत नाहीये’ एवढ्यावर आम्हाला काही ठरवता येत नाही. असं सांगा: ‘पेम्ब्रोलिझुमॅबचा तिसरा डोस पंधरा दिवसांपूर्वी झाला. कालपासून पापणी खाली येतेय, दोन-दोन दिसतंय, गिळताना ठसका लागतोय. ऑक्सिजन ९६, नाडी ११०.’ एवढं कानावर पडलं की आम्ही कॉट रिकामी करायला लागतो.

छातीत दुखणं, दम, बेशुद्धी, झटका, गिळता न येणं, पायातली ताकद जाणं असेल तर फोन लागायची वाट न बघता जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात जा आणि वाटेतून फोन करा. मायस्थेनियाची शंका असेल तर लेव्होफ्लॉक्सासिन किंवा अझिथ्रोमायसिनसारखी अँटिबायोटिक आणि मॅग्नेशियमचं इंजेक्शन कमजोरी वाढवू शकतं, म्हणून ती शंका पहिल्याच वाक्यात सांगा.

सातवी पायरी: स्टेरॉइडला घाबरू नका, आणि मनाने बंदही करू नका

त्रास मध्यम असेल तर डोस पुढे ढकलून गोळ्या. गंभीर असेल तर प्रेडनिसोलोन वजनाच्या किलोमागे १ ते २ मिलिग्रॅम. हृदयाला सूज असेल तर मिथिलप्रेडनिसोलोनचं ५०० ते १००० मिलिग्रॅम रोज, काही दिवस शिरेतून. ‘स्टेरॉइडने इम्युनोथेरपीचा फायदा जाईल’ या भीतीने लोक मागे सरतात. असा त्रास झाल्यावर दिलेल्या स्टेरॉइडने कॅन्सरवरचा परिणाम धुऊन जातो, असं आजवरच्या अनुभवातून दिसलेलं नाही. न घेतल्याने होणारं नुकसान मात्र डोळ्यांसमोर असतं.

बरं वाटू लागलं की गोळ्या एकदम सोडणं ही सगळ्यात जास्त दिसणारी गडबड. डोस निदान चार ते सहा आठवड्यांत उतरवत न्यायचा असतो, नाहीतर त्रास उलटतो. रोज २० मिलिग्रॅम किंवा अधिक महिनाभर चालणार असेल तर न्यूमोनिया टाळायला को-ट्रायमॉक्साझोल, हाडांसाठी कॅल्शियम आणि घरी शुगरची तपासणी, हे विचारून घ्या. दोन-तीन दिवसांत स्टेरॉइडला दाद मिळाली नाही तर पुढची औषधं आहेत. आतड्यासाठी इन्फ्लिक्सिमॅब देतात, पण त्याआधी टीबी आणि हिपॅटायटिस बी तपासलेलं हवं. लिव्हरच्या सुजेला इन्फ्लिक्सिमॅब देत नाहीत, तिथे मायकोफेनोलेट.

आठवी पायरी: उपचार पुन्हा सुरू करायचा का

थायरॉइड, डायबेटिस किंवा कॉर्टिसोलचा त्रास असेल तर कमी पडणारं हार्मोन देऊन उपचार बहुधा पुढे चालू राहतो. आतडं, लिव्हर किंवा हलकी फुप्फुसाची सूज पूर्ण शमून प्रेडनिसोलोन १० मिलिग्रॅमच्या आत आलं तर विचार होतो. हृदयाची सूज, गुलियन-बारे, गंभीर मायस्थेनिया किंवा कातडी सोलवटण्याचा प्रकार झालेला असेल तर ते औषध पुन्हा मिळत नाही. बीसीजीने सांधे धरले असतील तर साधारणपणे बीसीजी थांबवून दुसरा मार्ग बघतात, आणि बीसीजीचे जंतू अंगात पसरले असतील तर ते कधीच परत देत नाहीत. पहिल्या वेळचा त्रास नेमका कोणता आणि किती होता हे डिस्चार्ज कार्डवर स्पष्ट लिहून घ्या, कारण वर्षभराने डॉक्टर बदललेले असतात.

हायड्रोकॉर्टिसोन कायमचं लागलेल्यांनी ते कार्ड सतत जवळ ठेवायचं. ताप आला तर गोळी दुप्पट किंवा तिप्पट करायची असते. किती दिवस, ते आधीच लिहून घ्या. ऑपरेशन किंवा दात काढायचा असेल तर त्या डॉक्टरांना आधी सांगा. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन लागतं. ते घरात असू द्या, आणि कसं द्यायचं हे घरातल्या किमान दोघांनी डे केअरमध्ये येऊन शिकून घ्या.